जे आहे तेवढंच दिसू दे

पांडुरंगा, रात्रीचे साडेअकरा झालेत. आई आत झोपलीय. बाबा तिच्या खाटेशेजारी सतरंजी टाकून पडलेत, जागेच असावेत. मी ओसरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलोय आणि पडद्यावर आईचं डोकं आहे.

अठरा दिवसांपूर्वी ती हौदाजवळ शेवाळावरून घसरली. टेंगूळ आलं, तिनं हळद लावली आणि कामाला लागली. दोन दिवसांनी उलट्या सुरू झाल्या तेव्हा बाबांनी तिला शेजाऱ्यांच्या जीपमध्ये घालून बार्शीला नेलं. सीटी स्कॅन झाला. कवटीच्या आत, डाव्या बाजूला, रक्ताचा पातळ थर सापडला. डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठी लगेच ऑपरेशन नको, गोळ्या चालू ठेवा, डोकं जास्त दुखलं किंवा बोलताना अडखळल्या तर तडक घेऊन या, नाहीतर तीन आठवड्यांच्या आत पुन्हा एक स्कॅन करू. तो स्कॅन उद्या सकाळी आहे. पहिल्याची सीडी त्यांनी पाकिटात घालून दिली होती. पुण्याहून आल्यापासून मी ती रोज रात्री उघडतो.

माझं काम तुला माहीत आहे. स्कॅनमधून आलेल्या कापांवरून मी शरीराची थ्रीडी चित्रं उभी करतो. सर्जन त्यांवर आधी वाट आखतात आणि मग सुरी हातात घेतात. गेली नऊ वर्षं मी दिवसभर माणसांच्या आत बघत बसतो आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. नावाच्या जागी क्रमांक येतो, तसा नियमच आहे. या सीडीवर मात्र नाव आहे. खाली गाव आहे: वाशी, तालुका वाशी, जिल्हा धाराशिव. पुण्यात मला हे असं पूर्ण सांगावं लागतं, नाहीतर लोक नवी मुंबईची वाशी समजतात. तुला सांगावं लागत नाही.

आमच्याकडे सगळे याला फोटोच म्हणतात. ‘डोस्क्याचा फोटू काढला,’ असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. पण हा फोटो नाही, देवा. इथं एका बाजूनं किरण आत गेला, हाडामांसानं त्यातला काही गिळला, उरलेला दुसऱ्या बाजूला मोजला. नळी डोक्याभोवती फिरत राहिली आणि असं हजारो वेळा मोजलं गेलं. आत कुठं काय असलं म्हणजे ही सगळी मापं जुळतील, ते संगणकानं हिशोबानं काढलं आणि तांदळाच्या कणीहून लहान अशा एकेका घरात एकेक आकडा मांडला. पाण्याला शून्य. हवेला उणे १०००. चरबी उणे शंभराच्या आसपास, मेंदू तीस-चाळीस, ताजं रक्त साठ ते ऐंशी, घट्ट हाड हजाराच्या घरात. त्या आकड्यांना रूप नसतं. कोणत्या आकड्याला काळं म्हणायचं आणि कोणत्याला पांढरं, हे माणूस ठरवतो. रंग तर सगळा आमच्या हातचा.

निराकाराला रूप द्यायची ओढ आमच्या लोकांना जुनीच. तुला तरी कुणी मोजलं होतं? तरी आम्हाला कमरेवरचे हात हवे होते, पायाखाली वीट हवी होती, आणि त्या रूपाच्या पायांवर डोकं ठेवून पिढ्या रडल्या. म्हणून माणसानं घडवलेलं चित्र खोटंच, असं मी कधी मानलं नाही. पण मूर्ती घडवणारा आंघोळ करून बसतो, छिन्नी लावण्याआधी दगडाला हात जोडतो. आमच्या टेबलावर तसं काही नाही. सकाळी नऊला कार्ड दाखवून आत जायचं आणि संध्याकाळपर्यंत माणसांची रूपं घडवायची. हात जोडायचे राहून गेले. आज जोडतोय, नऊ वर्षं उशिरा.

इथून गोरोबा कुंभारांचं तेर काही फार लांब नाही. गोरोबाकाकांची गोष्ट आजी मला अंथरुणात सांगायची. संत जमले होते. मुक्ताबाईनं थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग त्यांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. आजीला त्यात नामदेवांचा अहंकार दिसायचा. मला लहानपणापासून दुसरंच भावायचं: मडकं न फोडता आतलं ओळखता येतं. पुढं वाचलं की ऑस्ट्रियात लिओपोल्ड आउएनब्रुगर नावाच्या वैद्यानं १७६१ साली, छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी साचलंय का ते ओळखायची रीत लिहून काढली. त्याचे वडील खानावळ चालवायचे, आणि पिंपावर ठोकून आत किती उरलंय ते बघतात तसंच हे त्याला सुचलं, असं सांगतात. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी, एमआरआय ही सगळी त्याच थापटण्याची लेकरं. फरक एवढाच की काका ज्याच्या डोक्यावर थापटणं मारत होते तो माणूस त्यांच्या पुढ्यात बसलेला होता. तो चिडला ते त्यांना दिसलं. माझ्यापुढं कुणी बसलेलं नसतं.

आईची कवटी न उघडता आतलं ज्यांच्यामुळे कळलं, त्यांना तुझ्यापाशी जागा दे. रोंटजेनच्या बायकोला दे, जिनं १८९५च्या डिसेंबरात नवऱ्याच्या अनोळखी किरणांखाली आपला हात धरला आणि अंगठीसकट आपली हाडं पाहिली. गॉडफ्रे हाउन्सफील्डला दे. आमच्या ऑफिसात त्याचं नाव दिवसातून शंभरदा घेतलं जातं, कारण वरचे ते सगळे आकडे त्याच्याच नावानं मोजतात. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा तो. लहानपणी घरी बनवलेले पंख लावून गवताच्या गंजीवरून उड्या मारायचा. आमच्याही खळ्यात कडब्याची गंज असायची, म्हणून तो मला आपला वाटतो. त्याच्या पहिल्या प्रयोगात एक चित्र मोजायला नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्याच्या यंत्रात पहिल्यांदा जिवंत माणसाचं डोकं ठेवलं गेलं. मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेली ती एक बाई होती. त्याच वर्षी आपल्याकडच्या जी. एन. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी, अशा मोजमापांतून चित्र पुन्हा जुळवायचं सोपं आणि जलद गणित मांडलं. त्यांच्याकडे रुग्ण नव्हता, यंत्र नव्हतं, कागद होता. त्या कागदालाही तुझा हात लागला असेल.

आणि ज्याचं नाव देवापुढं घ्यायला लोक कचरतील, त्याचंही घेतो. जोसेफ पॉल जर्निगन. त्यानं खून केला होता. १९९३ साली टेक्सासमध्ये त्याला देहदंड झाला. देह त्यानं विज्ञानाला दिला होता. त्या देहाचे सीटी आणि एमआरआय काढले, तो गोठवला, मग डोक्यापासून पायापर्यंत एकेक मिलिमीटर तासत नेला आणि प्रत्येक थराचा फोटो घेतला. १,८७१ थर. १९९४ साली ते सगळं जगाला शिकायला खुलं झालं. पुढच्या वर्षी मेरीलँडमधल्या एका एकोणसाठ वर्षांच्या बाईचा देह तसाच उलगडला, मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीचे पाच हजारांवर थर. तिचं नाव जाहीर केलं नाही. मी काम शिकलो ते या दोघांच्या अंगावर. हृदयापासून निघालेली धमनी कुठं वळते, पित्ताशय यकृताखाली कसं लपतं, हे मला त्यांनी दाखवलं. जर्निगनच्या पापाचा हिशोब तुझ्याकडे आहे, मी त्यात पडत नाही. त्यानं मला शिकवलं, ते ऋण माझ्यावर आहे.

ऋण घरचंही आहे. याच जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायका गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या एका मोठ्या अभ्यासात होत्या. टाटा रुग्णालयाची आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरली. एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच केली तरी या रोगानं होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी होतात, हे २००९ साली जगाला कळलं ते या बायकांमुळे. आई त्यांतली एक. तिला एवढंच आठवतं की बार्शीची गाडी आली होती आणि त्या दिवशी खुरपणीला जायला उशीर झाला. ज्या बायकांनी जगाला एवढं दिलं, त्यांच्या उशाला वेळेवर नीट यंत्र आणि नीट वाचणारा डोळा मिळू दे. वाशीहून बार्शीपर्यंतच्या रस्त्यात कुणाचं रक्त डोक्यात साकळत राहू नये.

आता आजचं सांगतो. आज मी आईचे सगळे काप एकावर एक रचले आणि पहिल्यांदा तिचं हाड उभं केलं. पद्धत १९८७ची, लॉरेन्सन आणि क्लाइन या दोघांची: एक आकडा ठरवायचा आणि त्या आकड्याच्या कडेकडेनं त्रिकोणांचं कातडं शिवत जायचं. कवटी वर आली. पांढरीशुभ्र. दर चैत्री पौर्णिमेला आई येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला जाते, चुन्याच्या रानात वाकून चुनखडी वेचते. मला तेच आठवलं. किरणाला अडवतं ते हाडातलं कॅल्शियम, आणि चुनखडीतही तेच असतं. तिच्या कपाळात तेच आहे जे ती येडाईच्या यात्रेत वेचते.

मग मी आकडा खाली आणला आणि कातडी वर आली. कपाळ, मिटलेले डोळे, नाकाच्या शेंड्यापर्यंत चेहरा. त्याखाली स्कॅनच नव्हता. केस जवळजवळ दिसत नाहीत त्यात, म्हणून डोकं मुंडलेलं. कपाळावरचं हिरवं गोंदण नव्हतं. ती सात वर्षांची असताना जत्रेत गोंदवलेला तो ठिपका, ज्यावर मी तान्हा असताना बोट ठेवायचो म्हणे. किरणाला गोंदण दिसत नाही. ती माझी आई होती आणि नव्हती. माझ्याकडे अवजारं आहेत, देवा. मी ब्रश घेतला, हिरवा रंग निवडला आणि दोन भुवयांच्या मधोमध ठिपका ठेवला. क्षणात ती ओळखीची झाली. मी बराच वेळ बघत बसलो. मग तो ठिपका मी पुसला. तो खरा होता, पण स्कॅननं तो पाहिलेला नव्हता. आज प्रेमापोटी ठिपका ठेवला, तर उद्या घाईपोटी काय ठेवीन?

हेच मला तुझ्यापुढं मांडायचंय. डोक्यात साकळलेल्या रक्ताचा आकडा रोज थोडा उतरतो. पहिल्या दिवसांत ते पांढरं उठून दिसतं. दोन-तीन आठवड्यांत त्याचा आकडा मेंदूच्या आकड्याशी येऊन मिळतो आणि दोन्ही एकाच राखाडी रंगाचे होतात. रक्त तिथंच असतं, चित्रात मात्र नसतं. तेव्हा वाचणाऱ्यानं मेंदूच्या वळ्या कवटीपासून आत सरकल्यात का ते बघायचं, मधली रेघ ढळलीय का ते बघायचं. आईचा उद्याचा स्कॅन नेमका त्या दिवसांतला आहे.

आणि चित्र सुबक करायची आमची सवय. खरखर दिसली की आम्ही गुळगुळीत करतो. बहुतेक वेळा खरखरच जाते. कधी खरखरीबरोबर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठही जाईल, आणि चित्र आधीपेक्षा सुंदर दिसेल. आता तर यंत्रं स्वतःच चित्रं काढायला शिकलीत. हजारो खरी चित्रं पाहून ती कधी न जन्मलेल्या माणसाचा स्कॅन काढतात. त्याचा उपयोग मोठा आहे, मी त्याच्याविरुद्ध नाही. दुर्मिळ आजाराची खरी चित्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात. अशी रचलेली चित्रं दुसऱ्या यंत्राला तो आजार ओळखायला शिकवतात. कर्करोगाला किरण द्यायचे असतात तेव्हा एमआरआयवरून सीटीसारखं चित्र रचता येतं आणि रुग्णाचा एक स्कॅन वाचतो. पण २०१९ साली इस्राएलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की अशाच यंत्राला फुफ्फुसाच्या स्कॅनमध्ये नसलेली गाठ घालता येते आणि असलेली काढून टाकता येते. अनुभवी रेडिओलॉजिस्टही त्याला फसले. यंत्राला लाज नसते, त्याला रिकामी जागा भरायला शिकवलेलं असतं. लाज माझ्याकडे ठेवलीयस ना, ती जागी ठेव. माझ्या हातून नसलेलं काही घातलं जाऊ नये आणि असलेलं काही पुसलं जाऊ नये. मी जिथं अंदाज केला तिथं ‘अंदाज’ असं लिहायची मला हिंमत दे, घाई असली तरी, वरिष्ठांनी भुवई उंचावली तरी.

एक क्षमाही मागायची आहे. सोनोग्राफीचं चित्र असंच रचलेलं असतं. आवाजाची लाट पोटात जाते, आतल्या भिंतींवरून परत येते, यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं आणि त्या अंतरांतून लेकराच्या मुठी, नाक, पाठीचा कणा उमटतो. थ्रीडीमध्ये त्याला सोनेरी तांबूस रंग असतो. तो रंगही यंत्राचा, पोटात कुठला उजेड? इतकं कोवळं चित्र दुसरं नसेल. आणि त्या चित्रात आमच्या लोकांनी काय शोधलं ते तू पाहिलंस. महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सगळ्यांच्या आधी कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला, तरी २०११च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरल्या होत्या. आमचा तालुका त्या जिल्ह्याला खेटून आहे, आम्ही वेगळे म्हणायला तोंड नाही. ते चित्र खोटं नव्हतं. खरं होतं, आणि ते खरं बघून मारलं गेलं. आईला माझ्याआधी दोन मुली. तिसऱ्या वेळी ‘एकदा बघून ये’ म्हणणारी माणसं घरातच होती. ती गेली नाही. मुलगी झाली असती तर आज या ओसरीवर ती बसली असती, कदाचित माझ्यापेक्षा नीट तुझ्याशी बोलली असती. ज्या यंत्रावर माझं पोट चालतं त्याच्याच भावंडानं ज्या लेकी जन्माआधी पुसल्या, त्यांची क्षमा मागायला मी कोण? तरी मागतो. आणि जे अजून चोरून ते यंत्र गावागावांत फिरवतात, त्यांच्या हातून ते काढून घे.

आत्ता आई उठून आली होती. पाणी प्यायली, माझ्या खांद्यावरून डोकावली. “माझंच हाय व्हय रं ह्ये?” मी म्हटलं, “हो, आई.” थोडा वेळ बघितलं तिनं. म्हणाली, “पांढरं पांढरं ते काय, चुनखडीवाणी?” मी म्हटलं, “हाड.” “आन् वाईट कुटं हाय त्यात?” मी डाव्या बाजूची ती बारीक रेघ दाखवली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं, अगदी त्या रेघेवर, आणि म्हणाली, “एवढंसंच हाय. झोप आता.” बोलताना ती अडखळली नाही. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

पांडुरंगा, उद्या सातला निघायचंय. तेरखेड्यावरून येरमाळा, तिथं येडाईच्या डोंगराकडे बघून आई हात जोडेल, मग बार्शी. मागच्या खेपेला तिनं मंगळसूत्र काढायला नकार दिला होता. शेवटी बाबांनी स्वतःच्या हातानं काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि स्कॅन होईपर्यंत खिशावर हात धरून उभे राहिले. उद्याही तसंच करतील. तंत्रज्ञाचा हात न हलू दे, रात्रपाळी करून आला असेल तर त्याचे डोळे न पेंगू दे. जो चित्र वाचेल त्याला त्या राखाडीतलं राखाडी दिसू दे. रक्त विरलं असेल तर ते दिसू दे, वाढलं असेल तर तेही दिसू दे. मला बरं वाटावं म्हणून काही लपवू नकोस. आम्हाला त्या खोलीत थांबू देणार नाहीत, दार लावून घेतात. तू मात्र आत जा आणि ती बाहेर येईपर्यंत तिच्या उशाशी उभा राहा.